लसणाच्या वाफ्यातलं अतिक्रमण

मंडईत लसूणवाल्याने माझा अपमान केला नसता, तर पुढचं काहीच घडलं नसतं. तसा मंडईतला अपमान मी मनाला लावून घेत नाही. भाजी घ्यायला जावं तर थोडा अपमान पिशवीतून घरी येणारच, हे पुण्यात वाढलेल्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. पण हा अपमान कुसुमच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या देखत झाला. मी एवढंच विचारलं होतं, "लसूण गावरान आहे ना?" त्या गृहस्थाने वर न बघता उत्तर दिलं, "बघून कळत नसेल, तर मी सांगून काय कळणार?"

मी अनंत ओव्हाळ. भूमी अभिलेख कचेरीत एकतीस वर्षं लोकांच्या जमिनी मोजून निवृत्त झालो. सख्खे भाऊ कुऱ्हाडी घेऊन समोरासमोर उभे असताना मधल्या बांधावर टेप धरून उभा राहिलेला माणूस आहे मी. मला शेतीतलं कळत नाही, असं आजवर कुठल्या शेतकऱ्यानेही म्हटलेलं नव्हतं. हा तर गाळ्यात बसून तयार लसूण विकणारा. मी पिशवीची घडी घातली आणि म्हणालो, "राहू द्या. घरी लावीन."

"लावा की," तो म्हणाला. "जरा बाजूला व्हा, मागचं गिऱ्हाईक खोळंबलंय."

रिक्षात कुसुमने विचारलं, "घरी म्हणजे कुठे?"

"बाल्कनीत."

"बाल्कनीत माझे कपडे वाळतात."

"कपडे आतही वाळतील," मी म्हणालो. लग्नाला चौतीस वर्षं झालेल्या माणसाने असं वाक्य बोलू नये. कुसुम रिक्षातून बाहेर बघू लागली. ती पालिकेच्या प्रसूतिगृहात परिचारिका होती. कोण कधी ओरडणार आणि ओरडून झाल्यावर काय होणार, याचा तिला दांडगा अनुभव आहे.

बिबवेवाडीत आमची शुभ्रधारा सोसायटी आहे. आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो. बाल्कनी दहा फूट बाय चार फूट. त्यातली निम्मी मी लागवडीखाली आणायची ठरवली. पाण्याचा एक जुना निळा ड्रम होता, तो वेल्डिंगवाल्याकडून उभा, लांबीत कापून घेतला. त्याचे दोन लांबट वाफे झाले. खाली भोकं पाडली, माती भरली, शेणखत मिसळलं. शेणखताचं पोतं लिफ्टमधून नेताना आमच्या समोर राहणारे विक्रम जोगळेकर आत होते. ते नाकाला रुमाल लावून म्हणाले, "काय लावताय?"

"लसूण."

"आम्ही चातुर्मासात लसूण खात नाही," ते म्हणाले. "त्यामुळे मी तुम्हाला तटस्थपणे सल्ला देऊ शकतो."

मी सल्ला मागितलेला नव्हता. पण लिफ्ट चौथ्या मजल्यापर्यंत जायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात जोगळेकरांनी मला सांगितलं, की लसणाची पाकळी टोक खाली करून लावायची असते, कारण मूळ टोकातून फुटतं. ते बँकेतून निवृत्त झाले आहेत. एखादी गोष्ट ते इतक्या ठाम आवाजात सांगतात, की आपलं आधीचं सगळं ज्ञान कच्च्या पेन्सिलीने लिहिलेलं वाटू लागतं.

बियाण्याचा लसूण मला पोपट जगताप यांनी सासवडजवळच्या त्यांच्या गावाहून पाठवला. मोजणीच्या वेळी साखळीचं एक टोक पोपट धरायचे आणि दुसरं मी. मी फोनवर जोगळेकरांचं मत सांगितलं. पोपट म्हणाले, "साहेब, टोक आभाळाकडं. खाली टोक करून लावायला तो काय खिळा हाय?"

दोघांचाही मान राखावा म्हणून पहिल्या वाफ्यात मी टोक वर करून चौसष्ट पाकळ्या लावल्या आणि दुसऱ्यात टोक खाली करून चौसष्ट. आठ ओळी, प्रत्येक ओळीत आठ, दोन पाकळ्यांत चार बोटं अंतर. त्याचा नकाशा आलेखाच्या कागदावर काढून बाल्कनीच्या दाराला आतून चिकटवला. वर उत्तर दिशेचा बाण काढला. कुसुमने तो नकाशा पाहिला आणि ओले टॉवेल घेऊन ती बेडरूममध्ये गेली. तेव्हापासून आमच्या बेडरूमला लाँड्रीची कळा आली आहे.

नोव्हेंबर संपेपर्यंत पहिल्या वाफ्यातून एकसष्ट रोपं वर आली. दुसऱ्यातून अकरा, आणि तीही वाकडी, आपली चूक नसताना शिक्षा झाल्यासारखी. जोगळेकर म्हणाले, "तुमची माती खराब आहे." माती दोन्हीकडे एकच होती. मी तसं म्हणालो. ते म्हणाले, "मग पाणी." पोपटनी सांगितलं, की दुसऱ्या वाफ्यावर पेंढा अंथरा, ऊब मिळेल, राहिलेली निघतील. गुलटेकडीला फळांच्या गाड्या उतरतात, तिथून मी पेटीतला पेंढा मागून आणला आणि चांगला वीतभर जाड, मऊ थर दिला. पोपटचं म्हणणं खरं होतं. ऊब मिळाली. फक्त ती कोणाला मिळाली, एवढाच प्रश्न.

चौदा डिसेंबरला सकाळी मी झारी घेऊन बाल्कनीत गेलो, तेव्हा दुसऱ्या वाफ्यात मांजर होतं. सोसायटीच्या पार्किंगमध्ये हिंडणारी, करड्या पट्ट्यांची, कोणाचीही नसलेली मांजरी. शेजारच्या ड्रेनेजच्या पाइपवरून ती वर आली असावी. मी "हाड" म्हणालो. ती उठली नाही. तिने फक्त दात दाखवले, आणि तिच्या पोटाशी काहीतरी हललं. एक तांबूस, एक करडं, आणि एक पांढरं, त्याचा एकच कान काळा. उंदराएवढी पिल्लं, डोळे मिटलेले, आणि ती माझ्या पाचव्या आणि सहाव्या ओळीवर निजलेली.

मी कुसुमला हाक मारली, ती न्याय मिळावा म्हणून. कुसुम आली, वाकून पाहिलं, मागे फिरली आणि वाटीत पाणी घेऊन आली.

"हिला इथून हलवायला पाहिजे," मी म्हणालो.

"बाळंतिणीला हलवत नाहीत."

"अगं, माझा वाफा आहे तो."

"मग तिने काय सातव्या महिन्यात नाव नोंदवायला हवं होतं का?" कुसुम म्हणाली आणि दार लोटून घेतलं. मला बाल्कनीत ठेवून नव्हे, घराच्या आत ठेवून. बाहेर ती राहिली आणि मांजर.

त्या दिवसापासून माझ्या शेतात मलाच परवानगी घेऊन जावं लागू लागलं. झारीचा आवाज झाला की मांजर फिस्कारायचं. म्हणून मी पहिल्या वाफ्याला वाटीने पाणी घालू लागलो, दुसऱ्याला चमच्याने. हैदराबादहून आमच्या मुलीचा, तनयाचा व्हिडिओ कॉल आला. लागवडीपासून तिने एकदाही लसूण बघायला मागितला नव्हता; या वेळी आपणहून बाल्कनी दाखवा म्हणाली. मी उत्साहाने फोन वाफ्यावर धरला. "बाबा, थोडं डावीकडे," ती म्हणाली. मी डावीकडे नेला. "अजून. नाही बाबा, गवत नको, पिल्लं दाखवा."

एकसष्ट रोपं. चार बोटं अंतर. गवत.

सोसायटीत बातमी पसरायला वेळ लागला नाही. पण माणसं यायच्या आधी तक्रार आली. आमच्या खाली, तिसऱ्या मजल्यावर सुशीलाबाई क्षीरसागर राहतात. माझ्या वाफ्यातलं पाणी त्यांच्या दोरीवर गळून नातवाच्या शाळेच्या पांढऱ्या शर्टावर तपकिरी डाग पडले. त्यांनी शर्टाचा फोटो काढून सोसायटीच्या ॲपवर तक्रार टाकली आणि मग शर्ट हातात घेऊन तावातावाने वर आल्या. त्यांचा राग रास्त होता. मी माफीही मागणार होतो. पण दारातून आत येताना त्यांना पिल्लं दिसली. त्या स्टुलावर टेकल्या, कुसुमने चहा टाकला, आणि तासाभराने त्या उठल्या तेव्हा म्हणाल्या, "भाऊ, येते हं मी. उद्या येताना शेवग्याच्या शेंगांची आमटी आणते तुम्हाला." शर्ट आमच्याच सोफ्यावर राहिला. कुसुमने तो धुऊन परत केला.

पण ॲपला पिल्लं दिसत नाहीत. सुशीलाबाई तक्रार मागे घ्यायला सोसायटीच्या सेक्रेटरीकडे, चैताली मोहितेकडे गेल्या. चैताली हिंजवडीला मोठ्या कंपनीत आहे. मुलगी गोड आहे, कामालाही वाघ आहे, पण ती बोलली की आपण परदेशी विमानतळावर उभे आहोत असं वाटतं. ती म्हणाली, "काकू, कम्प्लेंट एकदा रेज झाली की रेझोल्यूशनशिवाय क्लोज होत नाही. सिस्टिम अलाऊच करत नाही."

"अगं, पण माझा राग गेला."

"रागाचं ड्रॉपडाउन नाहीये त्यात," चैताली म्हणाली.

तर रेझोल्यूशनसाठी समितीने माझ्याकडे दोन गोष्टी मागितल्या. वाफ्याखाली ट्रे ठेवावा, आणि प्राण्यांची नोंदणी करावी. ट्रे मी त्याच दिवशी ठेवला. नोंदणीचा अर्ज दोन पानी होता. प्राण्याचा प्रकार, वर्ण, लसीकरण वगैरे रकाने, आणि शेवटी "मालकाचे नाव व सही".

इथे माझ्यातला सरकारी माणूस जागा झाला. एकतीस वर्षांत मी हजारो उतारे पाहिले आहेत, आणि एक गोष्ट मला कोणी शिकवायची गरज नाही. ताबा वेगळा आणि मालकी वेगळी. माझ्या वाफ्यात कोणी येऊन बाळंत झालं म्हणून मी त्याचा मालक होत नाही. उलट माझ्या मालकीच्या जागेत ते घुसलेले आहेत. मी नोंदणीचा अर्ज कोरा परत केला आणि सोबत पत्र जोडलं. पत्र मला पाठ आहे. "सदर मांजर अर्जदाराच्या मालकीचे नसून, दिनांक १४ डिसेंबर रोजी किंवा तत्पूर्वी त्याने अर्जदाराच्या वाफ्यात विनापरवाना प्रवेश करून तीन पिल्लांसह ताबा घेतलेला आहे. सबब हे प्रकरण 'पाळीव प्राणी' या सदरात न मोडता 'अतिक्रमण' या सदरात मोडते."

निवृत्त झाल्यापासून इतकं समाधान मला कुठल्याही गोष्टीने दिलं नव्हतं. मी ते कुसुमला वाचून दाखवलं. ती मटार सोलत होती. तिने सोलणं थांबवलं नाही.

चौथ्या दिवशी समितीचं उत्तर आलं. "आपण अतिक्रमण झाल्याचे लेखी मान्य केल्याबद्दल आभारी आहोत. संस्थेच्या नियमानुसार कोणतेही अतिक्रमण सात दिवसांत हटवणे सभासदावर बंधनकारक आहे. तसे न झाल्यास समिती भटके प्राणी उचलणाऱ्यांना बोलावेल."

मी ते तीनदा वाचलं. एकही चूक काढता येईना. आयुष्यभर मी ज्या भाषेत दुसऱ्यांना नोटिसा दिल्या, त्याच भाषेत मला नोटीस आली होती, आणि ती भाषा किती थंड असते हे मला त्या दिवशी प्रथमच कळलं.

आता खरं सांगायचं तर माझी अडचण सुटली होती. वाफा रिकामा होणार होता, समिती बोलावणार होती, माझे हात स्वच्छ राहणार होते. मी कुसुमला तसं म्हणालोही. "माझा नाइलाज आहे. नियमच तसा आहे."

कुसुमने पत्र हातात घेतलं, वाचलं आणि माझ्या चष्म्याच्या घरावर ठेवलं. "तुम्ही दर रविवारी विहारात जाता," ती म्हणाली. "सगळ्यांच्या वरचढ आवाजात पंचशील म्हणता. पहिलं शील काय आहे?"

मी पत्राखालून चष्म्याचं घर काढू लागलो.

"मी तुम्हाला विचारतेय."

"प्राणिहिंसेपासून अलिप्त राहीन," मी म्हणालो. "पण मी कुठे हिंसा करतोय? समिती करतेय."

"पत्र कोणी लिहिलं?"

बायकोने असं कोंडीत पकडण्याची ही काही पहिली वेळ नव्हती. पण बाकीच्या वेळी मला निदान आपलं बरोबर आहे असं वाटायचं. दुपारी मी बाल्कनीत गेलो. पिल्लांचे डोळे उघडले होते. तिघंही एका ओळीत बसून माझ्याकडे बघत होती. निळसर डोळे, अजून नीट न दिसणारे. पांढऱ्याने माझ्याकडे यायचा प्रयत्न केला आणि ते पेंढ्यात तोंडावर पडलं. मी त्याला उचलून सरळ केलं. त्याच्या आईने मला काही केलं नाही. मला ते फार चमत्कारिक वाटलं. तिने मला ओरबाडायला हवं होतं.

त्या संध्याकाळी मी दुसरं पत्र लिहिलं. मजकूर असा: "सदर वाफ्यात लसणाचे उभे पीक असून काढणी मार्चअखेर अपेक्षित आहे. उभे पीक असताना ताबा हलवल्यास पिकाचे नुकसान होणार आहे व त्याची संपूर्ण जबाबदारी समितीवर राहील. सबब काढणीपर्यंत कारवाईस स्थगिती मिळावी." हे नेमकं कुठल्या कायद्यात आहे, असं मला कृपया कोणी विचारू नये. समितीनेही विचारलं नाही. बाल्कनीचा नकाशा, उत्तरेच्या बाणासह, मी सोबत जोडला होता. नकाशा जोडला की माणसं घाबरतात, हा माझा एकतीस वर्षांचा अनुभव. स्थगिती मिळाली. चैतालीने ॲपवर लिहिलं, "ऑन होल्ड टिल हार्वेस्ट."

म्हणजे आता दुसऱ्या वाफ्यातल्या त्या अकरा वाकड्या रोपांवर तीन जीव तगून होते.

जानेवारी महिना मी कसा काढला ते मलाच माहीत. पिल्लं चालू लागली, मग पळू लागली, मग चढू लागली. मी त्यांना नावं दिली नाहीत. ज्याला नाव दिलं तो आपला होतो. मी क्रमांक दिले. तांबूस म्हणजे गट क्रमांक एक, करडं दोन, पांढरं तीन. कुसुम त्यांना काहीबाही नावांनी हाका मारायची, त्याच्याशी माझा संबंध नाही. एक नंबर झारीत बसायचा. दोन नंबर माझ्या पायजम्याची नाडी हा आपला जन्मजात शत्रू समजायचा. तीन नंबर भित्रा होता. तो माझ्या चपलेत बसून बाकीच्यांचा खेळ बघायचा. मला फिरायला जायचं असलं की त्याला आधी बाहेर काढावं लागायचं, आणि तो परत आत बसायचा, मग मी परत काढायचो. असा माझा सकाळचा फेरफटका रोज उशिरा सुरू व्हायचा. हे सगळं मी तक्रार म्हणून सांगतो आहे.

शिवाय राबता. जोगळेकर रोज पेपर वाचून झाला की येत. सुशीलाबाई नातवाला घेऊन येत. तळमजल्यावरची, मागच्या इमारतीतली, मला नावानेही माहीत नसलेली माणसं येऊन जात. प्रत्येक जण काहीतरी घेऊन यायचा. दूध, बिस्किट, पनीरचा तुकडा. चौसष्टपैकी एकसष्ट हे प्रमाण कृषी विद्यापीठातही कौतुकाचं ठरेल, पण आलेल्यांपैकी एकाने पहिल्या वाफ्याकडे मान वळवली असेल तर शपथ. एक बाई तर त्यावर पर्स ठेवून पिल्लाचा फोटो काढत होत्या.

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात एका सकाळी तीन नंबर चपलेत नव्हता. तो वाफ्याच्या मागे पडून होता. दोनदा ओकला होता, आणि हात लावला तरी मान उचलत नव्हता. कुसुमने त्याची हिरडी बघितली. तिचा चेहरा मला ओळखीचा आहे. कामावरून परतल्यावर काही दिवस ती तसा चेहरा घेऊन येत असे आणि त्या दिवशी आम्ही तिला काही विचारत नसू.

"चला," ती म्हणाली.

मी त्याला हातरुमालात गुंडाळून माझ्या मफलरमध्ये ठेवलं. अप्पर इंदिरानगरच्या रस्त्याला प्राण्यांचा एक लहानसा दवाखाना आहे. तिथल्या डॉक्टर पूर्वा फार तर तिशीच्या असतील. त्यांनी तपासलं आणि विचारलं, "घरात काही वेगळं खाल्लंय का? कांदा, लसूण असं काही?"

मी म्हणालो, "लसूण आहे. लावलेला."

त्यांनी स्टेथोस्कोप कानातून काढला. "काका, लसूण मांजरांना विषारी असतो. पात, कांदी, सगळंच. रक्त उतरतं त्यांचं."

मला कोणीही हे सांगितलं नव्हतं. मी लसूण लावतो आहे म्हटल्यावर अख्ख्या सोसायटीने मला सल्ला दिला होता. टोक वर, टोक खाली, माती, पाणी, शेणखत, चंद्राची कला. एवढ्या सल्ल्यांत हा एक सल्ला कोणाकडे नसावा?

"किती खाल्ला असेल?" डॉक्टरांनी विचारलं. "अंदाजे नको. त्यावर ठरेल सगळं."

कुसुमला तिथे ठेवून मी घरी आलो. दारावरचा नकाशा काढला आणि गुडघ्यांवर बसून एकेक रोप तपासलं. पात मुळापासून टोकापर्यंत, पहिली ओळ, दुसरी ओळ. मोजणीत आकडा चुकला तर सबंध काम परत करावं लागतं. मी आयुष्यात कधी चुकू दिला नव्हता. त्या दिवशी दोनदा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. मग दवाखान्यात फोन लावला. "चौथी ओळ, सहावं रोप, दोन पाती, वरून प्रत्येकी दोन सेंटिमीटर. चौथी ओळ, सातवं रोप, एक पात, एक सेंटिमीटर. त्यातला अर्धा तुकडा खालीच चावून टाकलेला सापडला. बाकी एकोणसाठ रोपं आणि दुसऱ्या वाफ्यातली अकरा अखंड आहेत."

"इतकं नेमकं मला आजवर कोणी सांगितलं नव्हतं," डॉक्टर म्हणाल्या. "थोडंच आहे. ठेवून घेते त्याला दोन दिवस."

त्या दोन दिवसांत जोगळेकर चार वेळा चौकशीला आले. प्रत्येक वेळी दारातच उभे राहायचे. शेवटच्या वेळी म्हणाले, "मी त्याला दूध देत होतो. रोज. त्याने तर नसेल ना झालं?" त्यांचा आवाज मला ओळखू आला नाही. त्यात ठामपणा नव्हता. मी म्हणालो, "माझा लसूण होता, जोगळेकर."

तिसऱ्या दिवशी तीन नंबर घरी आला. अंगाने निम्मा, पण मान वर. डॉक्टर म्हणाल्या, हे लसणाने झालं असेल, दुधानेही झालं असेल, छातीठोक सांगता येत नाही. पण त्यांनी एक गोष्ट छातीठोक सांगितली. लसूण आणि पिल्लं एका बाल्कनीत राहू शकत नाहीत.

गच्चीवर वाफे न्यायला समितीची परवानगी लागते, आणि ती यायला दोन महिने. लसूण उपटला तर उभं पीक संपतं, उभं पीक संपलं की स्थगिती संपते, स्थगिती संपली की पिल्लं जातात. लसूण ठेवला तरी पिल्लं जातात, वेगळ्या मार्गाने. मी ही बाब कुसुमपुढे मुद्देसूद मांडली. ती म्हणाली, "आधी विष काढा. माणसांशी नंतर भांडता येतं."

दुपारी, मांजरी पिल्लांना घेऊन बेडरूममध्ये टॉवेलांखाली झोपलेली असताना, मी लसूण उपटला. पोपटला आधी फोन केला. ते म्हणाले, "साहेब, आजून दोन महिनं हायेत त्याला. आत्ता काय, गोट्यांएवढाबी नसंल." मी कारण सांगितलं. ते म्हणाले, "मंग उपटा. पण मुळासकट उपटा. पाकळी राह्यली तर परत फुटतो तो." बहात्तर रोपं मी एकेक करून काढली. चौथ्या ओळीतलं सहावं सगळ्यांत जोमदार होतं. खाली पांढरी, कोवळी, बोराएवढी कांदी. ती झटकून ठेवताना मला जे वाटलं ते सांगण्यासारखं नाही. मी लहान मूल नाही.

कुसुमने कोवळ्या पातीची चटणी केली. खोबरं, मिरची, पात, कांदी, सगळं पाट्यावर रगडून. ती इतकी झाली, की मजल्यामजल्यावर वाट्या गेल्या. इथे माझा अंदाज चुकला. वास चार मजले फिरला, सगळ्यांनी भाकरीशी खाल्ली, आणि सगळ्यांना कळलं की काढणी झाली. संध्याकाळी चैतालीचा मेसेज आला. "काका, चटणी ऑसम. हार्वेस्ट झाली ना? मग स्टेटस चेंज करावं लागेल. संडेला मीटिंग ठेवतेय." चातुर्मास सोडून लसूण खाणाऱ्या जोगळेकरांनी वाटी धुऊन परत केली आणि अजून आहे का विचारलं.

रविवारी पार्किंगमध्ये खुर्च्या मांडून सभा झाली. समितीचे दोन सदस्य ठाम होते. अतिक्रमण मी स्वतः लिहून दिलं होतं, पीक निघालं होतं, आता कारण उरलं नव्हतं. मी उठलो आणि म्हणालो की माझं पहिलं पत्र मी मागे घेतो. एक सदस्य म्हणाले, "लेखी दिलेलं असं मागे घेता येत नाही, ओव्हाळ. हे आपणच लोकांना सांगत असाल ना कचेरीत." ते खरं होतं. मी हे वाक्य निदान दोनशे माणसांना सांगितलं असेल. त्यातल्या काहींचे चेहरे मला त्या क्षणी आठवले, आणि मी खाली बसलो.

सुशीलाबाई उठल्या. "तक्रार माझी होती," त्या म्हणाल्या. "माझी तक्रार पाण्याची होती. मांजरांची नव्हती. मला न विचारता मांजरं काढाल तर मी दुसरी तक्रार टाकीन, आणि मग बघू कोण क्लोज करतंय."

चैतालीने लॅपटॉपमधून मान वर केली. "काका, सिम्पल आहे. अतिक्रमण असेल तर काढावं लागतं. पेट असेल तर रजिस्टर होतं. तुम्ही फक्त सांगा, ओनर कोण?"

सगळे माझ्याकडे बघत होते. कुसुम मात्र बघत नव्हती. ती पर्समध्ये पेन शोधत होती. मी म्हणालो, "मी."

सभेत कोणी टाळ्या वगैरे वाजवल्या नाहीत. आमची सोसायटी तशी नाही. जोगळेकर एवढंच म्हणाले, "मग हे डिसेंबरात सांगायला काय झालं होतं?"

अर्ज तोच दोन पानी होता. प्रकार, वर्ण, लसीकरण, सगळं मी भरलं. मालकाच्या रकान्यात सही केली, तर कुसुमने पेन माझ्या हातातून घेऊन खाली तिचंही नाव लिहिलं. संयुक्त मालकीत पुढच्या पिढीत हमखास वाद होतात, असं मी तिला सांगितलं. तिने ऐकलं नाही. पण दुसऱ्या पानाच्या पाठीमागे, मी आधी न पाहिलेला एक रकाना निघाला. "प्राणी पाळण्याचे कारण." त्यापुढे तीन ओळींची जागा.

मी समितीला सांगितलं की असा रकाना कुठल्याही अर्जात असू नये. जमीन घेणाऱ्याला कोणी कारण विचारत नाही. चैताली म्हणाली, तो मँडेटरी आहे, ब्लँक ठेवला तर फॉर्म सबमिट होत नाही, आठवडाभरात भरून द्या. मी घरी येऊन बरेच मसुदे केले. "उंदरांचा बंदोबस्त" लिहिलं, पण चौथ्या मजल्यावर उंदीर नाहीत. "मानवतावादी दृष्टिकोनातून" लिहिलं, ते वाचून कुसुम हसली. मसुदे फाडले.

मुदत आज संपते. सुस्पष्ट अक्षरात तीन ओळी लिहायच्या, एवढंच काम आहे. अर्ज समोर टीपॉयवर आहे, पेनही तिथेच आहे. पण जेवण झाल्यापासून तीन नंबर माझ्या मांडीवर झोपलाय, आणि तो आपणहून उठेपर्यंत मला हलता येत नाही.